द्वारकेला हरवलेल्या आहेर मॅडम

आहेर मॅडम कुठेही, कधीही, न सांगता हरवतात. स्वतःच्या जिन्यात हरवतात, मेथीची जुडी निवडता निवडता भाजीबाजारात हरवतात. एकदा तर आमच्याच घरी श्रीखंडाची वाटी हातात धरून हरवल्या होत्या. बुद्धी म्हणाल तर कात्रीसारखी. हरवतात त्या मुद्दाम. समोर आपला विद्यार्थी दिसला की त्यांचे डोळे एकदम रिकामे होतात आणि कातर आवाजात त्या म्हणतात, "मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल." मग तो विद्यार्थी काय करतो, हे त्यांना बघायचं असतं. परीक्षा कधी, हे त्या आधी सांगत नाहीत. "आजार काय फोन करून येतो?" असं वर आपल्यालाच विचारतात.

मॅडम म्हणजे निवृत्त मेट्रन. सगळा जन्म हॉस्पिटलात गेला, लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत एक वर्ग काढला. डिमेन्शिया झालेल्या माणसांना सांभाळायचं कसं, हे घरच्यांना आणि पगारी मदतनिसांना शिकवायचा वर्ग. खाली गिरणी घरघरत असते, वर मॅडम शिकवत असतात. कोणी आवाजाची तक्रार केली की म्हणतात, "तुमच्या घरात काय देवघराची शांतता असते? टीव्ही, कुकर आणि नवरा, तिन्ही चालू असतात. आवाजातच शिका. कबूल?"

हे 'कबूल?' त्यांचं पालुपद. दर दोन वाक्यांनंतर येतं, आणि सगळ्या वर्गानं एका सुरात 'कबूल!' म्हणायचं असतं. खाली दळण घेऊन आलेल्या बायकांना बरेच दिवस वाटायचं की वर रोज कोणाचा तरी निकाह लागतो.

वर्गाच्या उद्घाटनाला त्यांनी एका स्थानिक पुढाऱ्यांना बोलावलं होतं. पुढाऱ्यांना आजाराचं नाव काही केल्या उच्चारता येईना. शेवटी ते म्हणाले, "विसरण्याची सवय तर मलाही आहे." जमलेल्या एकाही मतदाराला याबद्दल शंका नव्हती. टाळ्या थांबल्यावर मॅडम माइकवर आल्या. "साहेब विसरतात ती सोय आहे. आपण शिकणार आहोत तो आजार आहे. फरक लक्षात ठेवा. कबूल?" पुढारी चहा न घेताच गेले.

मी या वर्गात गेले ती माझ्या सासऱ्यांसाठी. आण्णा एसटीत कंडक्टर होते. आजार झाल्यापासून ते पुन्हा कामावर रुजू झाले होते, आमच्या हॉलमध्ये. दारातून येईल त्याला "तिकीट?" म्हणून अडवायचे. दूधवाल्याला सुटे मागायचे. माझी मावशी आली तर तिला "पुढं सरका, पुढं जागा हाय" करत थेट स्वयंपाकघरापर्यंत नेलं. एजन्सीकडून एक मदतनीस ठेवला होता, गळ्यात ओळखपत्र, खिशात सर्टिफिकेट. तो दिवसभर त्यांना समजवायचा, "बाबा, ही बस नाय, घर हाय." आण्णा भडकायचे. शेवटी त्यांनी त्याला विनातिकीट प्रवासी ठरवून खाली उतरवलं. तो उतरला तो परत आलाच नाही.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला विचारलं, "घरी मुलगा आहे ना त्यांचा? मग सून का आली?"

मी म्हटलं, "त्यांना ऑफिस असतं."

"मलाही ऑफिस आहे," मी हळूच पुढे जोडलं, तर मॅडम म्हणाल्या, "ते मला सांगू नका, त्यांना सांगा. या वर्गात सुना ढीगभर आहेत. मुलांचा तुटवडा आहे. एक मुलगा अमेरिकेतून ऑनलाइन येतो, तोही कॅमेरा बंद करून. पुढच्या वेळी जोडीनं या."

प्रशांतला, माझ्या नवऱ्याला, मी ओढून नेलं. मॅडमनी त्याला समोर उभं केलं, स्वतः आण्णा झाल्या आणि खेकसल्या, "तिकीट?" प्रशांत घाबरून म्हणाला, "पास आहे." मॅडमनी टाळी वाजवली. "बघा! न शिकता आलं. ही बस नाही म्हणायला पैसे घेणारे पुष्कळ आहेत. तुम्ही बसमध्ये चढा." त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांकडे पास आहे. आण्णांची कटकट निम्म्यानं कमी झाली.

मॅडमचं सगळं शास्त्र हे एवढंच. वाद घालायचा नाही, परीक्षा घ्यायची नाही, त्या माणसाच्या जगात जायचं आणि त्याचा हात धरून हळूच बाहेर यायचं. आता गंमत अशी, की ही सवलत फक्त आजाऱ्यांना. धडधाकट माणसाशी मॅडम सूर्य कुठून उगवतो यावरसुद्धा भांडतील. रिक्षावाला, गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे त्यांना पाहून रस्ता बदलायचे. सेक्रेटरी एकदा मला म्हणाले, "वहिनी, आपल्यालाही थोडं विसरायला लागलं तर बरं. बाई प्रेमानं बोलतील तरी."

द्वारकेचा प्रसंग तर अजून गिरणीत सांगतात. वर्ग सुटला होता. आम्ही काही जणी चौकात रिक्षा शोधत होतो. बरोबर मनीषा होती. सायखेड्याची, अंगानं दणकट, स्वभावानं गरम, मदतनीस म्हणून काम करण्यासाठी शिकत होती. ट्रक, बस, टेम्पो, सगळ्यांचे हॉर्न एकदम वाजताहेत, आणि मॅडम अचानक फुटपाथवर बसल्या. "मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल."

मनीषा त्यांचा हात ओढायला लागली. "मॅडम, उठा ना, लोकं बघताय."

मॅडम उठेनात. गर्दी जमली. एका बाईंनी केळं दिलं, एका तरुणानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. तेवढ्यात वाहतुकीचा हवालदार आला.

"आजी, नाव काय तुमचं?"

"तू आमच्या शाळेतला शिपाई ना?" मॅडम म्हणाल्या. "घंटा दे की. शाळा सुटू दे."

मनीषा मध्ये पडली. "साहेब, या आमच्या मॅडम हायेत. नाटक करताय."

"आणि तू कोण?"

"मी यांच्याकडं विसरणाऱ्या माणसांना सांभाळायचं शिकते."

"मग सांभाळ की!" हवालदार ओरडला.

मनीषानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्या आकाशाकडे बघत होतो. मग तिनं पिशवी बाजूला ठेवली आणि धुळीत मॅडमच्या शेजारी बसली.

"आई काय करत असंल आता?"

"भाकरी."

"बाजरीची?"

"बाजरीची. वर लसणाची चटणी."

"मग चला बरं. गरम हाय तोवर जाऊ. मला बी लय भूक लागली."

मॅडम ताडकन उठल्या, साडी झटकली आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "पास." मग हवालदाराकडे वळल्या. "तुम्ही नापास. अशा माणसाला नाव विचारू नये, आठवलं नाही की घाबरतं. गुरुवारी वर्गाला या. कबूल?"

गर्दी हसत पांगली. हवालदार मात्र गुरुवारी खरंच आला. त्याची आईही घरी अशीच होती. तो मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत राहिला आणि जाताना मॅडमच्या पाया पडला. मॅडमनी त्यालाही रागावून घेतलं, हेल्मेट न घालता आला म्हणून.

आमच्याकडे एक दुखणं मात्र वर्गानंही सुटत नव्हतं. आण्णांना सुमन नावाची धाकटी बहीण होती, देवळ्याला. ती वारून बरीच वर्षं झाली. पण आण्णा रोज विचारायचे, "सुमी आली नाय का?" आणि आम्ही खरं ते सांगायचो. प्रत्येक वेळी ते ती बातमी पहिल्यांदाच ऐकायचे आणि प्रत्येक वेळी हमसून रडायचे. मी मॅडमना हे सांगितलं, तशा त्या लालबुंद झाल्या. "माणसाला रोज नव्यानं सुतक देताय तुम्ही! मी घरी येते. प्रात्यक्षिक घ्यायला हवं."

त्या आल्या. दारातच त्यांनी आमची चप्पल-स्टँडची जागा चुकीची ठरवली, पायपुसणं धोकादायक ठरवलं. त्यांचा आवाज ऐकून आण्णा आतून बाहेर आले, थबकले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सुमी! कवय उनी व तू?" कधी आलीस, असं ते विचारत होते.

मॅडमही देवळ्याकडच्याच. पण त्यांच्या तोंडून अहिराणी आम्ही कधी ऐकली नव्हती. वर्गात कायम शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी. त्या म्हणाल्या, "आत्तेच उनू, दादा."

"जेवनी का?"

मॅडम पायपुसण्याची कड पायानं सरळ करत राहिल्या. आण्णांनीच मला सांगितलं, "हिला ताट वाढ."

तोवर कोणाच्या घरचं पाणीसुद्धा न घेणाऱ्या आहेर मॅडम त्या दिवशी आमच्याकडे पोटभर जेवल्या. हात धुताना मला म्हणाल्या, "आम्ही पाच बहिणी. घरात पुरुष एकच, तोही बाप. दादा म्हणायला कोणी नव्हतंच."

मग प्रात्यक्षिकं वाढली. कधी आण्णांची नखं बघायला, कधी पायपुसणं काढलं की नाही ते बघायला, कधी नुसतंच. दोघं अहिराणीत भांडायची. आण्णा त्यांना तिकीट मागायचे नाहीत. "घरनी माणसं," म्हणायचे. आण्णांनी सुमीची बातमी विचारणं बंद केलं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी रस्ता बदलणं.

दिवाळी आली. भाऊबीजेला सकाळपासून आण्णा नवा शर्ट घालून बाल्कनीत बसले होते. सुमी येणार होती. संध्याकाळी बेल वाजली. दारात आहेर मॅडम. एरवी इस्त्रीच्या सुती साडीतल्या मॅडम त्या दिवशी डाळिंबी रेशमी साडीत, केसांत शेवंतीची वेणी. हातात ओवाळणीचं ताट, त्यात स्वतः केलेल्या करंज्या, एका बाजूनं जरा करपलेल्या. लाजून म्हणाल्या, "प्रात्यक्षिक आहे."

त्या बाल्कनीच्या दाराशी गेल्या. "दादा, उनू मी."

आण्णांनी वळून पाहिलं. मग अदबीनं उठले आणि हात जोडले. "या, बसा. आपण कोण?"

माझ्या तोंडून "आण्णा, ही सुम—" एवढंच निघालं. मॅडमनी हातानं मला थांबवलं. ताट टीपॉयवर ठेवलं, पदर सारखा केला.

"मी शेजारची," त्या म्हणाल्या. "सहज आले."

"बरं झालं. आज आमची बहीण यायचीय. देवळ्याची गाडी लेट दिसतेय."

"सणाची गर्दी असेल."

"तुम्हाला भाऊ हाय का?"

"आहे."

"लांब असतो?"

"जवळच असतो."

"मग इथं काय बसलात? जा की त्याच्याकडं. वाट बघत असंल बिचारा."

"जाते," मॅडम म्हणाल्या. "तुमची बहीण येईपर्यंत बसते थोडी."

आण्णांनी आपली खुर्ची सरकवून त्यांना जागा करून दिली. मी आत चहा टाकायला गेले. कप घेऊन आले तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसून फाटकाकडे बघत होती आणि मॅडम आण्णांना सांगत होत्या, "येईल हो. तुम्हाला ओवाळल्याशिवाय राहायची नाही ती."