अस्सल अमेरिकन, नापास!

परदेशी हेल काढावा तर तो मीच! रशियन जनरल म्हणा, इटालियन गुंड म्हणा, त्याच्या तोंडी इंग्रजी कसं वाकडंतिकडं होईल ते मी चुटकीसरशी दाखवतो. त्या त्या देशांतले लोक मला हसतात म्हणे. हसू देत! हॉलिवूडमध्ये त्यांना विचारतो कोण?

तर मला पोलिश कप्तानाचं काम मिळालं. आयुष्यातली पहिली मोठी भूमिका! इथले मुरलेले नट शूटिंग संपेपर्यंत भूमिकेचा हेल सोडत नाहीत. मीही सोडला नाही. कॉफी मागितली पोलिश हेलात, दाढ दुखली तर कण्हलोही पोलिश हेलात! दिग्दर्शिका ब्रॅनिगनबाई जो भेटेल त्याला सांगायच्या, "थेट वॉर्सातून अस्सल माणूस आणलाय!" मी कशाला खोडून काढू?

आणि एके सकाळी पटकथा बदलली. कप्तान म्हणे मुळात अमेरिकन हेर!

"आता अमेरिकन हेल लागेल. जमेल तुम्हाला?" बाईंनी काळजीने विचारलं.

"जमेल? अहो, मी ओहायोत जन्मलो!" मी माझ्या मूळ आवाजात म्हणालो.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "प्रयत्न चांगलाय हो. पण प्रेक्षक लगेच ओळखतील."

माझं टाळकंच फिरलं! ड्रायव्हिंग लायसन्स नाकासमोर धरलं.

"वा! अगदी खरं वाटतंय! आपल्या प्रॉपवाल्यांनी केलं का हे?"

आई माझ्याकडे राहायला आली होती. तिलाच सेटवर नेलं.

"हा माझा वेंडेल आहे!" आई कडाडली. "ओहायोत, टोलेडोच्या इस्पितळात झालाय! याला परका म्हणताना लाज नाही वाटत?"

बाई भारावल्या. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "किती गोड आहेत हो! पण त्यांचंही अमेरिकन कच्चंच."

माझी भूमिका लंडनच्या जाइल्स नावाच्या नटाला गेली. तो बोलायला लागला की थेट ओहायोचा वाटतो म्हणे!

पण मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. युनियनकडे तक्रार ठोकलीय, वकील गाठलाय. लढणार म्हणजे लढणार! फक्त सोमवारी जमणार नाही, आईला सेटवर सोडायचंय. बाईंनी तिला पोलिश आजीचं काम दिलंय.

काल मी मोठ्या मनाने म्हणालो, "आई, ये, सराव करून घेतो."

"नको रे बाबा," आई पोलिश हेलात म्हणाली. "तुझं ऐकून माझं बिघडेल!"