नुसती मदत मागितली

"पाठ फिरवा सगळ्यांनी, पासवर्ड टाकून बघतोय!" थांगसाहेब ओरडले. छंगतू शहराबाहेरच्या मिरचीच्या चटणीच्या कारखान्यात कचेरीला संगणक एकच, आणि त्याला पासवर्ड घालून साहेब स्वतःच तो विसरून बसले होते. आत त्यांचं भाषण अडकलं होतं. विषय, संगणकाची सुरक्षितता! ते ऐकायला शहरातून तपासणीवाले निघालेही होते.

"श्वेमेई, भाषण बाहेर काढ," साहेब टायपिस्ट मुलीला म्हणाले, "नाहीतर उद्यापासून मिरच्यांचे माठ ढवळायला जा."

त्या माठांपासून श्वेमेई मोठ्या मुश्किलीनं सुटून इथवर आली होती. "अहो, पण आठवतोय तेवढा पासवर्ड सांगा तरी!"

साहेब चक्क लाजले. "क्वेईह्वा."

हिशेबनीस वेईकाका खाकरले. "वहिनींचं नाव युफंग ना?"

"फूल आहे ते! वासाचं फूल!"

क्वेईह्वा नावाचं फूल असतं, खोटं कशाला बोला. पण त्या नावाच्या बायकाही गल्लोगल्ली असतात. वेईकाका मिशीत हसले.

श्वेमेईनं नाव टाकून पाहिलं. "नाही हो घेत."

"इंग्रजी अक्षरांत कशाला टाकतेस? मी अस्सल चिनीत ठेवलाय!"

आता चिनी लिहायचं म्हणजे आधी उच्चार टंकायचा, मग पडद्यावरच्या बारक्या पट्टीतून हवं ते अक्षर निवडायचं. पासवर्डाच्या चौकटीत असला उपद्व्याप कोण करतो? श्वेमेईनं केला. पट्टी आली, अक्षर मात्र उमटेना. वैतागून तिनं पट्टीवरचं 'मदत' दाबलं. मदतीचं पान उघडलं. त्यावर एक यादी, यादीत 'उघडा' असा शब्द. तिनं तोही दाबला आणि संगणकातल्या सगळ्या फायली धडाधड समोर! पासवर्डाची चौकट मागे तशीच ताटकळत उभी.

"अगंबाई! उघडला! पासवर्डाशिवाय उघडला!" ती खुर्चीवरच चढली. "साहेब, नुसती मदत मागितली तर आत घेतो हा! कुणालाही घेतो!"

"कुणालाही?" दारातून आवाज आला. तपासणी अधिकारी गाओबाई उभ्या होत्या.

"ही तात्पुरती आहे हो, आमची नव्हेच!" साहेबांनी हात झटकले.

पण श्वेमेईच्या अंगात आलं होतं. "बघा ना बाई, परत दाखवते!" तिनं दाखवलंही. मग वेईकाकांनी करून पाहिलं. "मलाही जमलं! अरे, मलाही जमलं!" म्हातारा टाळ्या पिटायला लागला.

गाओबाईंचा चेहरा उतरला. "ह्या मुलीला माझ्या गाडीत बसवा."

वेईकाकांनी श्वेमेईच्या हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी कोंबली. "घे पोरी, तुरुंगात वेळ जात नाही."

गाडी सुटली तशी श्वेमेई रडायलाच लागली. "बाई, माठांवर पाठवा, पण तुरुंग नको हो!"

"गप गं!" गाओबाईंनी ड्रायव्हरकडे बघत आवाज खाली आणला. "आमच्याकडेही हाच संगणक आहे. सगळ्या कारखान्यांचे अहवाल आत, आणि साहेब पासवर्ड विसरलेत."

"कोण साहेब?"

गाओबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मीच," त्या म्हणाल्या. "तेव्हा माठांचं विसर. उद्यापासून तू आमच्याकडे. आणि कुठे बोललीस तर बघ."