उद्घाटनापूर्वीची धडधड

लखनौच्या एका संशोधन संस्थेत सोमवारी सकाळी, सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता, काचेच्या बशीतल्या हृदयपेशी धडधडू लागल्या.

डॉ. विभा सोमण आनंदाने खुर्चीतून उडालीच. हातापायांचे आणि हृदयाचे स्नायू घडवणाऱ्या जनुकांना कामाला लावणारं एक नियंत्रक जनुक असतं. शहरातल्याच सरोजिनी नगरच्या छोट्या उत्कर्षाचं तेच बिघडलं होतं. जिना चढताना तिचे पाय थकत, पाठोपाठ हृदयही. विभाने उत्कर्षाच्याच पेशींत ते दुरुस्त करून या हृदयपेशी वाढवल्या होत्या. आता आठवडाभर मोजमाप झालं, की औषधाची दिशा कळणार होती. उत्कर्षाचे वडील राजेश वायुसेनेत; रोज फोन करून विचारायचे, "मॅडम, कुछ हुआ का?"

तेवढ्यात संचालक सतीशजी आले आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्रीकरण दाखवणाऱ्या पडद्याकडे बघून गंभीर झाले.

"मैडम, इस धड़कन का उद्घाटन बुधवार को है। बटन मुख्य अतिथि दबाएँगे। ये अभी किसके आदेश से धड़क रहा है?"

"सर, दिल है। अपने आप धड़कता है।"

"यही तो अनुशासनहीनता है।"

तातडीने समिती बसली. 'अनधिकृत पूर्वधडधड' बुधवारपर्यंत स्थगित ठेवावी, असं एकमताने ठरलं. थंडीत ठेवल्याशिवाय पेशी थांबणार नाहीत, पण थंडीत त्या मरतील, असं विभाने परोपरीने सांगितलं.

"अरे, फ्रिज में रखिए ना," एक सदस्य म्हणाले. "सब्जी भी तो टिकती है।"

"और आपका प्रोजेक्ट," सतीशजी हळूच म्हणाले, "अगले साल भी चलाना है ना?"

विभाने स्वतःच्या हाताने फ्रिज उघडला. तिला स्वतःची लाज वाटली, तरी तिने बशी आत ठेवलीच.

बुधवारी प्रमुख पाहुणे वाटेत आलमबाग वस्तीत सत्काराचे हार घेत घेत दुपारी पोचले. त्यांनी बटण दाबलं. बशीत काहीही हललं नाही. पण संस्था गाफील नव्हती. मोठ्या पडद्यावर सोमवारचं चित्रीकरण झोकात धडधडू लागलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत राजेश उभे राहून रडत होते.

"मॅडम, ये हमारी उत्कर्षा का दिल है ना? अब वो ठीक हो जाएगी ना?"

विभाला 'हो' म्हणवेना आणि 'नाही' तर त्याहून म्हणवेना. पेशी नव्याने वाढवायला वर्ष लागणार होतं, आणि उत्कर्षाकडे तेवढा वेळ आहे की नाही, हे कुठल्याच समितीला माहीत नव्हतं. तिने मान हलवली. राजेशनी तो होकार धरला.

ते चित्रीकरण तुमच्याही फोनवर आलं असेल. तुम्ही अभिमानाने चारचौघांना पुढे पाठवलं असेल. बशीतल्या पेशी जिवंत आहेत का, हे तुम्हीही विचारलं नाहीत.