नाजुकेची रवानगी

माझ्या पत्नीने ‘त्या वेलीला हात लावू नका’ असे मला बजावले नसते, तर मी त्या वेलीला हात लावला नसता. हे मी प्रारंभीच नोंदवून ठेवतो, कारण नंतर ज्यांनी ज्यांनी माझा उद्धार केला, त्यांपैकी एकानेही हा मुद्दा विचारात घेतलेला नाही.

लोककथांचा अभ्यासक या नात्याने मी चाळीस वर्षे हेच प्रतिपादन करीत आलो आहे. कथेत कुणी ‘सहा खोल्या उघड, सातवी मात्र उघडू नकोस’ म्हटले, की सातवी खोली उघडली जाणार हे त्याच क्षणी निश्चित होते. या एका विषयावर माझी अकरा व्याख्याने छापून आलेली आहेत. (ती किती जणांनी वाचली हे विचारू नये. तो माझ्या रागाचा स्वतंत्र विषय आहे.)

वेलीची पूर्वपीठिका अशी. सासूबाईंनी जाण्यापूर्वी थोरल्या मुलीला चिनी मातीची निळी कुंडी दिली आणि धाकटीला, म्हणजे माझ्या पत्नीला, त्या कुंडीतली वेल. दोन बहिणींचे भांडण दीर्घकाळ टिकावे यासाठी इतकी चोख व्यवस्था मला कोणत्याही कथासंग्रहात आढळलेली नाही. वेलीला सासूबाई ‘नाजुका’ म्हणत. सुतासारखे देठ, मसुरीच्या डाळीएवढी पाने, हातभर खाली लोंबणारी. एक दिवस पाणी चुकले की मान टाकायची, दोन दिवस जास्त झाले की सडायची. पत्नीने ताईंना दोनदा तिच्या फांद्या पाठवल्या, दोन्ही वेळा त्या वाटेतच मेल्या. ‘तू मुद्दाम मरणाऱ्या फांद्या निवडल्यास’ असा ताईंचा आरोप, त्यावर पत्नीचे उत्तर, आणि मग चौदा महिने बोलणे बंद.

अखेर ताईंचा एका ओळीचा निरोप आला: ‘आईच्या कुंडीत मी अजून दुसरं काही लावलेलं नाही.’ पत्नीने तो दोनदा वाचला. मग तिने नाजुकेच्या पाच फांद्या कापल्या, झाकणाच्या पारदर्शक डब्यात ओल्या मातीवर गोल मांडल्या आणि प्रत्येक पेर केसांच्या पिनेने मातीला टेकवून ठेवले. महिन्याभरात पांढरी, केसासारखी मुळे दिसू लागली.

“शाळेतली तपासणी संपली की मी स्वतः मांडीवर घेऊन जाणार,” ती म्हणाली. (ती मुख्याध्यापिका आहे. घरातही.) “तोवर हात लावू नका. पाणी नको, ऊन नको, अभ्यास नको!”

दुसऱ्याच दिवशी, ती शाळेत असताना, ताईंचा फोन आला.

“भाऊजी, वेलीचं काय झालं?”

“मुळं फुटली आहेत. ती स्वतः घेऊन येणार आहे.”

“येणार! चौदा महिने येतेच आहे! तुम्ही तरी पाठवा... पण जाऊ दे. तुम्हाला काय जमणार? तुम्ही आपली मेलेल्या लोकांची गाणी गोळा करत बसा.”

लोकगीत हे मृत नसते, गायकागणिक ते नव्याने जन्म घेते, हे मी सांगू लागेपर्यंत ताईंनी फोन ठेवलेला होता. मला जमणार नाही? दीडशे वर्षे जुन्या हस्तलिखितांचे गठ्ठे मी एका पानाचाही कोपरा न दुमडता तीन शहरांत पोहोचवले आहेत! मी सातवी खोली उघडली. म्हणजे डबा उघडला.

यानंतर मी जे केले ते अत्यंत शास्त्रशुद्ध होते, हे माझे आजही मत आहे. मातीत कीड असते, म्हणून मुळे धुऊन माती काढून टाकली. ओलाव्याने बुरशी येते, म्हणून फांद्या टिपकागदावर पसरून एकेक थेंब टिपून घेतला. त्यावर बटर पेपर, त्यावर पुठ्ठा. चार कोपऱ्यांत ओलावा शोषणाऱ्या चार पुड्या, कसर लागू नये म्हणून दोन डांबराच्या गोळ्या. शेवटी नोंदपत्र: ‘वस्तू: वेल, पाच फांद्या. प्राप्ती: वारशाने. ओलावा: शून्य. स्थिती: उत्तम.’

कुरिअरच्या खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे न पाहताच विचारले, “आत काय?”

“वेल.”

“जिवंत वस्तू घेत नाही, काका.”

“जिवंत असेल तर ती वस्तू कशी? तुमची व्याख्याच सदोष आहे!”

“बरं, मग मेलेली आहे का?”

“मुळीच नाही!”

“काका, मागे रांग आहे. जिवंत म्हणाल तर घेत नाही, मेलेली म्हणाल तर वास येईल म्हणून घेत नाही. कागदपत्रं लिहू?”

चाळीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केलेली नव्हती. रागाच्या भरात ‘लिहा!’ म्हणून ओरडलो. बाईंनी कागदपत्रांवर मारायचा शिक्का पूर्ण ताकदीने नाजुकेच्या डोक्यावर हाणला.

संध्याकाळी पत्नीने रिकाम्या डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि ती चहा ठेवायला निघून गेली. हे मला विजयाचे लक्षण वाटले.

चौथ्या दिवशी फोन वाजला. पत्नी कणीक मळत होती, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

“डांबराच्या गोळ्या?” ताईंचा आवाज फाटला होता. “आईच्या वेलीबरोबर डांबराच्या गोळ्या पाठवल्यास? इतका राग आहे माझ्यावर? हातात घेतली तर चुरा झाला गं तिचा!”

“मी काही पाठवलं नाही, ताई!”

“वर चिठ्ठी आहे, स्थिती उत्तम म्हणून! चिडवतेस मला?”

पत्नीचे पिठाचे हात थांबले. तिने माझ्याकडे वळून पाहिले. मी पुस्तक उलटे धरले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

“ताई,” ती सावकाश म्हणाली, “‘उत्तम’च्या खाली रेघ आहे का?”

“...दोन आहेत.”

“मग ते अक्षर माझ्या नवऱ्याचं.”

पलीकडून हुंदका ऐकू आला असे मला वाटले. तो हुंदका नव्हता. चौदा महिन्यांचे साचलेले हसू दोन्ही बाजूंनी एकदम फुटले आणि त्यानंतर सव्वा तास त्या दोघी माझ्याविषयी बोलल्या. पुढच्या खोलीत मी संतापाने येरझाऱ्या घालत होतो. कुणाला काही वाटत नव्हते.

फोन संपल्यावर मी म्हणालो, “झालं ते झालं. पण आता मुळं फुटलेल्या फांद्या कुठून आणणार?”

“शाळेत माझ्या टेबलावर आहेत. आठ.”

“मग हा डबा?”

“तुमच्यासाठी ठेवला होता. अहो, ‘हात लावू नका’ म्हटल्यावर तुम्ही लावणार, हे मला कळत नाही? तुमची ती अकरा व्याख्यानं टाइप कुणी केली? मला वाटलं, पाणी घालून माराल. कुरिअर करून माराल हे मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.”

(म्हणजे ती व्याख्याने एका व्यक्तीने तरी वाचली होती. या शोधाचा आनंद मला घेता आला नाही.)

तपासणी संपताच ती आठ फांद्या मांडीवर घेऊन ताईंकडे गेली. निळी कुंडी भरली. ती परतली तेव्हा तिच्यासोबत माझेच नोंदपत्र होते. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ताईंनी माझ्याच पद्धतीने नोंद केली होती: ‘वस्तू: भाऊजी. प्राप्ती: बहिणीच्या लग्नातून. ओलावा: शून्य. स्थिती: तापट. सूचना: थंड, अंधाऱ्या जागी ठेवावे. वेलीजवळ ठेवू नये.’

‘तापट’च्या खाली दोन रेघा होत्या.

मी लाल पेन उघडून ती नोंद तपासायला बसलो. चार वेळा वाचली. दुरुस्ती करावी असे एकही ठिकाण सापडले नाही, आणि या सबंध प्रकरणात सर्वांत अधिक राग मला त्याचाच आला.