राखीव जागेतली मोतिया गाडी

"नजर गरुडाची, नाक श्वानाचं, संयम बगळ्याचा आणि स्मरणशक्ती हत्तीची. गुन्हेगारांचा काळ, गरिबांचा वाली. एकतीस वर्षांचा दांडगा अनुभव. भेटीची वेळ: दुपारची झोप सोडून केव्हाही."

हा मजकूर आमच्या दारावरच्या पाटीवर आहे आणि तो माझ्या नवऱ्याबद्दल आहे. लिहिलाय त्यांनीच. एका माणसात इतकी जनावरं राहत असतील तर घरात एवढा पसारा का होतो, हे पाटी लागली त्या दिवशी मला उमगलं. एकतीस वर्षांचा अनुभव मात्र खरा. फक्त तो वजनमापं तपासण्याचा आहे. दुकानादुकानांत जायचं, तराजू उचलून बघायचा, शिक्का मारायचा, ही ह्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर पहिला आठवडा ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरातली मापं तपासली आणि झाडून सगळी खोटी ठरवली. तेव्हा मीच म्हणाले, "अहो, घराबाहेर काहीतरी शोधा." ती चूक माझी. हे गुप्तहेर झाले आणि मी बिनपगारी मदतनीस. आळीतले लोक ह्यांना चौकशीकाका म्हणतात. हे तो किताब समजतात.

तर गेल्या महिन्यात माझी भाची आमच्याकडे आली. बहिणीची मुलगी. लहानपणापासून तिच्या पायांत जोर नाही, चाकांच्या खुर्चीवर असते. गाडी मात्र हाताने चालवायची सोय करून घेतली आहे, आणि चालवते अशी की शेजारी बसलं की मी डोळेच मिटते. वाहतूक खात्यात कारकून आहे. सात वर्षं वाट बघितल्यावर बढती मिळाली होती आणि आमच्याच गावातल्या कार्यालयात बदली. आदेशात लिहिलं होतं की एकवीस दिवसांत रुजू व्हावे, अन्यथा आदेश रद्द होऊन यादीतल्या पुढच्या व्यक्तीस संधी देण्यात येईल.

ती आली तो अठरावा दिवस होता.

"मावशी, मला ऑफिसात शिरताच येत नाही," ती म्हणाली. "दारापाशी दिव्यांगांसाठी एकच राखीव जागा आहे. तिथे एक मोतिया रंगाची गाडी उभी आहे. पहिल्या दिवसापासून तीच. जागची हललेली नाही."

"मग दुसरीकडे लाव की गं."

"बाकीच्या जागा इतक्या अरुंद आहेत की दार पुरतं उघडत नाही, खुर्ची बाहेर काढता येत नाही. टॅक्सीने गेले तरी तेच. त्या गाडीचं नाक नेमकं रॅम्पच्या तोंडावर आहे. रॅम्प बंद, आणि बाकी सगळ्या बाजूंनी पायऱ्या."

"तुझा भाऊ उचलून नेईल."

"नेईल. पण पहिल्याच दिवशी मला कोणी पोत्यासारखं आत नेऊन ठेवलं, तर दुसऱ्या दिवसापासून तिथे माझं कोण ऐकणार? बसायला खुर्ची मी माझी घेऊन जाते. त्यांनी फक्त वाट द्यायचीय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फोन केला तर म्हणतात, कारवाई झालेली आहे. दोनदा लेखी तक्रार दिली तर म्हणतात, पुढे पाठवली आहे. तीन दिवस उरलेत, काका."

ह्यांनी डोळे मिटले. हे ह्यांचं विचार करणं असतं. कधीकधी ती झोपही असते, पण त्या दिवशी घोरले नाहीत.

"गाडी हलत नाही," हे म्हणाले. "का हलत नाही? कारण तिला हलायचं नाही. प्रकरण मी स्वीकारलं आहे."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या गाडीने कार्यालयाच्या आवारात पोचलो. भाची आमच्या आधीच आलेली. कडक इस्त्रीचे कपडे, मांडीवर पारदर्शक फायलीत आदेश, आणि गाडी फाटकाजवळच्या झाडाखाली. रोज पावणेदहाला यायची, पाचला परत जायची, असं तिचं अठरा दिवस चाललं होतं.

मोतिया गाडीवर इतकी धूळ होती की कोणीतरी मागच्या काचेवर बोटाने 'धुवा' असं लिहून ठेवलं होतं. पुढच्या चाकाला पिवळाजर्द जॅमर. जमिनीवर रंगवलेली खुर्चीची खूण गाडीखालून अर्धी डोकावत होती.

"जॅमर बघितलास?" ह्यांनी मला कोपराने ढोसलं.

"सरकारी दिसतोय."

"तसं जगाला वाटावं अशी त्याची योजना आहे. जॅमर मालकाने स्वतः लावलाय, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून. म्हणजे आत काय असणार?"

"काय?"

"मौल्यवान."

मग ह्यांनी खिशातून मोजपट्टी काढली. दुसरं टोक धरायला मी पुढे झाले, पण ह्यांनी बाकावरच्या एका माणसाला हाक मारली. चौकड्यांचा शर्ट, हातात जाडजूड फोल्डर, चेहरा दातदुखी असल्यासारखा. तो निमूटपणे आला आणि टोक धरून उभा राहिला. ह्यांनी चाकं मोजली, टायर किती दबलाय ते मोजलं, हात पाठीमागे बांधून आकडेमोड केली आणि जाहीर केलं, "डिकीत बहात्तर किलो वजन आहे. बहात्तर किलो म्हणजे एक मध्यम बांध्याचा माणूस."

"अहो, किंवा टायरमधली हवा गेली असेल. तीन आठवडे उभी आहे."

"मदतनिसाने हवेतल्या गप्पा मारू नयेत."

"साहेब," तो चौकडीवाला म्हणाला, "मला जरा सांगायचं होतं..."

"साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलायचं नाही," हे म्हणाले. "टेप ताठ धरा."

त्याने टेप ताठ धरली. लोक फार सोशीक असतात.

विसाव्या दिवशी 'धुवा' हा सांकेतिक शब्द ठरला. काळा पैसा पांढरा करणारी टोळी, असा त्याचा अर्थ. दुपारपर्यंत टोळी मागे पडली आणि संशय फाटकावरच्या पहारेकऱ्यावर आला. हा पहारेकरी आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहीत असे.

"इतकी चिकाटी प्रामाणिक माणसात नसते," हे म्हणाले. "त्याला काहीही विचारायचं नाही. सावध होईल."

म्हणून आम्ही त्याला काहीही विचारलं नाही. वर्तमानपत्राला भोकं पाडून त्यातून त्याच्यावर नजर ठेवली. भोकं नेमकी शब्दकोड्यात पाडली, आणि ते कोडं मी अर्धं सोडवलं होतं, हे मी अजून विसरलेले नाही. चौकडीवाला आणखी दोनदा काही सांगायला आला आणि ह्यांनी दोनदा त्याला गप्प केला.

त्या संध्याकाळी पाच वाजता भाचीने गाडी सुरू केली, पण निघाली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून त्या बंद रॅम्पकडे बघत राहिली. रडली असती तर मी समजूत घातली असती. ती नुसती बघत होती. घरी आल्यावर मी ह्यांच्याशी बोलले नाही, आणि ह्यांना वाटलं मी विचारात आहे.

एकविसाव्या दिवशी हे पाण्याचा पेला घेऊन आले. पेला डिकीला लावला, पेल्याला कान लावला आणि पांढरेफटक पडले.

"श्वास ऐकू येतोय."

मी बघितलं. चौकडीवाला ह्यांच्या मागेच वाकून उभा होता आणि उत्सुकतेने जोरजोरात श्वास घेत होता. मी तसं सांगितलं. हे म्हणाले की गुन्हेगाराची हीच तर खुबी आहे.

इतक्यात भाचीने गाडीची काच खाली केली आणि चौकडीवाल्याला हाक मारली. "दादा, जरा इकडे येता? तुम्ही रोज इथे कशासाठी बसता?"

इतका साधा प्रश्न तीन दिवसांत आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

"ही गाडी माझी आहे, ताई," तो म्हणाला.

ह्यांच्या हातून पेला पडला. स्टीलचा होता म्हणून निभावलं.

"तुमची आहे? मग काढत का नाही?"

"कशी काढू? जॅमर आहे. एक झेरॉक्स काढायची होती, दोन मिनिटांसाठी लावली होती. चुकलं माझं. पण तेव्हापासून रोज येतोय, सुट्टी काढून. अर्ज भरलाय, दंड भरायला तयार आहे. जॅमर काढायचं काम कक्ष क्रमांक चारचं. तो कक्ष बंद आहे. तिथल्या जुन्या बाई निवृत्त झाल्या आणि नव्या बाई अजून आल्याच नाहीत. काय माणसं असतात बघा. लोक खोळंबलेत आणि ह्या घरी आराम करत बसल्यात."

भाचीने मांडीवरची फाईल उघडली, आदेश काढला आणि माझ्याकडे दिला. मी मोठ्याने वाचलं: "कक्ष क्रमांक चार, प्रमुख."

भाचीने पहारेकऱ्याला बोलावलं.

"माझ्या दोन तक्रारी पुढे पाठवल्या होत्या, त्या कुठे आहेत?"

"कक्ष चारच्या टेबलावर, मॅडम. नव्या बाई आल्या की बघतील."

"आणि जॅमर कोणी लावला?"

"मी." पहारेकऱ्याने छाती पुढे काढली. "नियमच आहे. राखीव जागेत कोणी गाडी लावली की लगेच जॅमर. सोडत नाही मी कोणाला."

"म्हणजे जी गाडी तिथे असायला नको, तिला तुम्ही तिथेच अडकवून ठेवता?"

"अर्थात. शिक्षा आहे ती."

"कोणाला?"

हा विचार पहारेकऱ्याच्या मनात पहिल्यांदाच आला असावा, कारण त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मला त्याची दया आली. माणूस खरोखरच प्रामाणिक होता.

मग पायऱ्या उतरून हेडक्लार्क आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खेदाची गोष्ट आहे. पण आपण रुजू झाल्याशिवाय जॅमरच्या किल्लीला हात लावता येणार नाही, आणि हजेरीपत्रकावर सही केल्याशिवाय आपण रुजू होत नाही."

"मग हजेरीपत्रक खाली आणा."

"ते इमारतीबाहेर जात नाही. कधीच गेलेलं नाही."

"आदेशात 'कार्यालयाच्या आवारात हजर व्हावे' असं आहे," भाची म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आता त्यात कागदपत्र हाताळणाऱ्या माणसाची धार आली होती. "मी एकवीस दिवस या आवारात पावणेदहाला हजर आहे. यांच्या वहीत माझ्या गाडीचा नंबर वेळेसकट रोज लिहिलाय. आदेश रद्द झाला तर मला वर लिहावं लागेल की बाई हजर होत्या, हजेरीपत्रक गैरहजर होतं."

पहारेकऱ्याने वही उघडून पुढे केली. एकवीस नोंदी, सुवाच्य अक्षरात. हेडक्लार्कनी त्या दोनदा मोजल्या, वर गेले, आणि हजेरीपत्रक छातीशी धरून आले. लेकराला पहिल्यांदाच बाहेर काढावं तसं धरलं होतं. भाचीने गाडीच्या खिडकीतून सही केली. दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

शिक्का आणि किल्ली खाली आली. चौकडीवाल्याचा अर्ज मंजूर झाला. जॅमर निघाला. टायरमध्ये हवा नव्हतीच, तरी गाडी फसफस करत, लंगडत एकदाची मागे सरकली. डिकीत बहात्तर किलो वगैरे काही नव्हतं. जागा मोकळी झाली आणि रॅम्प मला पहिल्यांदाच अख्खा दिसला.

मी भाचीकडे बघत होते, म्हणून पुढचं उशिरा कळलं. ह्यांनी आमची गाडी सुरू केली होती. भाचीने गिअर टाकायच्या आत हे सुळकन त्या मोकळ्या जागेत घुसले आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "दुसरा कोणी घुसू नये म्हणून धरून ठेवतोय. तू ये सावकाश. दोनच मिनिटं."

खट्ट असा आवाज झाला. पहारेकऱ्याने जॅमर लावला होता.

मी देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं. आजवर ह्यांच्या शंभर भानगडी मी हसण्यावारी नेल्या. ही नेता येईना.

भाचीने एक कोरा अर्ज खिडकीतून बाहेर धरला. "काका, हा भरा. तीन प्रतींत."

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे. कारणाच्या रकान्यात तेच लिहा. एकवीस दिवसांत मला वाईट माणूस एकही भेटला नाही, काका. सगळे दोन मिनिटांवालेच होते."

ह्यांनी अर्ज भरला. एकतीस वर्षं दुसऱ्यांवर शिक्के मारलेल्या माणसाने बॉनेटवर वाकून, घाम पुसत, तीन प्रती भरल्या. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण तिथे पेन बराच वेळ थांबलं होतं. भाचीने वाचलं, शिक्का मारला, आणि ह्यांनी गाडी मागे घेतली.

मग ती आपल्या जागेत गेली. दार पुरतं उघडलं, खुर्ची काढली, बसली, फाईल मांडीवर घेतली. पहारेकरी, हेडक्लार्क आणि हे, तिघेही खुर्ची ढकलायला धावले.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

तिघेही बाजूला झाले. ती एकटी रॅम्प चढली. मी मनातल्या मनात मोजत होते. चौदा सेकंद लागले.