वालात उतरलेले विमान

चांदीपच्या दामूभाऊंनी आयुष्यात कुणाविरुद्धही तक्रार केलेली नाही, ही माझी त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार आहे. त्यांच्या आणि माझ्या शेतात एक बांध आहे. मी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. तरी ते मला 'वकीलसाहेब' म्हणतात आणि माझा एकही सल्ला ऐकत नाहीत.

कामणच्या गोदामाकडे निघालेल्या, वाट चुकलेल्या एका ट्रकने त्यांचे कुंपण आडवे केले, तेव्हा मी जागेवरच नोटिशीचा मसुदा सांगू लागलो. दामूभाऊंनी चालकाला चहा पाजला. वर ट्रक मागे घेताना "येऊ दे, येऊ दे" म्हणत उरलेले कुंपणही पाडून घेतले.

"जाऊ दे, वकीलसाहेब. जुनंच होतं."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या फुलोऱ्यावर आलेल्या वालात विमान उतरले. ही उपमा नव्हे. एका प्रशिक्षण संस्थेच्या छोट्या विमानाचे इंजिन हवेतच बंद पडले आणि त्यात एकटी सराव करणाऱ्या मुलीने ते मोठ्या शर्थीने शेतात टेकवले. बांधावर आदळून विमानाचे नाक चेपले, वालाचा चेंदामेंदा झाला. मी धावत पोहोचलो तेव्हा ती मुलगी दामूभाऊंच्या ओट्यावर रडत होती आणि रडता रडता उकडहंडीतले कंद खात होती.

विनापरवाना प्रवेश, पिकाची हानी आणि भरपाई असा अर्ज मी उभ्याउभ्याच लिहिला. "सही करा."

"थांबा हो. तिचं खाऊन नाय झालं अजून."

आठवड्याने संस्थेचा अधिकारी क्रेन घेऊन आला. पुन्हा 'जाऊ दे' ऐकण्याची मी मनाची तयारी केली होती. पण दामूभाऊंनी विमानापुढे खाट टाकली आणि वर बसले.

"विमान हलनार नाय."

मी गहिवरलो. इतक्या वर्षांच्या सल्ल्यांचे चीज झाले!

"काका, भरपाई देतो ना," अधिकारी म्हणाला. "दुप्पट देतो."

"भरपाई नको. त्या पोरीला कोनी वरडायचं नाय. काढायचं बी नाय. रडत होती, आता काढतील म्हनून. तसं लिवून द्या."

मी त्यांना बाजूला ओढले. "अहो, अख्खा वाल गेला! त्या मुलीने तुमचे काय भले केले?"

"खाली उतरली ना, गुडघ्यातून रगत येत होतं तिच्या. तशीच लंगडत आली नि मलाच विचारते, काका, तुम्हाला लागलं नाही ना?" मग विमानाकडे बघून म्हणाले, "माझे दोन पोरगे विरारला फ्लॅटात हायेत. टीव्हीवर बातमी बघितली, दोघांचे फोन आले. विमान बघायला कधी येऊ, म्हनून."

मी अर्जाचा कागद फाडला आणि नवा घेतला. 'सदर प्रशिक्षणार्थी वैमानिकेस या घटनेवरून कोणीही ओरडणार नाही, तसेच संस्थेतून कमी करणार नाही.' अधिकाऱ्याने तो वाचला, वरिष्ठांना फोन लावला, बराच वेळ 'हो सर, हो सर' केले. मग पेन उघडून मला विचारले, "पण हे किती मुदतीसाठी?"

मुदतीचे दामूभाऊ काहीच बोलले नव्हते. मी कागद परत मागून घेतला आणि 'कायमस्वरूपी' असे लिहिले.