महाराणीचे यजमान तहानलेले

एका जंगलात, आणि ते कुठलं हे मला विचारायचं नाही बरं का बाळांनो, गादीवर एक वाघीण बसली. तिचं नाव दुर्गाक्का. तिने डरकाळी फोडली की झाड न हलवताच चिंचा पडत.

तिचा नवरा धोंडिबा. शेजारच्या जंगलातून घरजावई म्हणून आलेला, गरीब स्वभावाचा वाघ.

त्या जंगलात तळं एकच होतं, आणि त्याचा रिवाज जुना होता. भालदार कोल्ह्याने पदवी पुकारायची, मगच त्या प्राण्याने पाणी प्यायचं. पदवी नसलेल्यांना तो शेवटी "बाकीचे!" म्हणून बोलावी. ऊन डोक्यावर आलं की तळं बंद.

पहिल्या दिवशी "बाकीचे!" ऐकून धोंडिबा उठला.

"थांबा, जावईबापू!" कोल्हा ओरडला. "राणीसाहेबांचे यजमान बाकीच्यांत? शोभतं का?"

"मग कशात?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. राजाची बायको लग्नाच्या मांडवातच महाराणी होई. राणीचा नवरा मात्र जंगलाने पहिल्यांदाच पाहिला होता.

दुर्गाक्का गरजली, "ह्यांना पाणी पिऊ द्या!"

"ह्यांना म्हणजे कुणाला, सरकार? नाव घ्या."

दुर्गाक्का लाजली. नवऱ्याचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? तिने शेपटी तोंडावर ओढून घेतली.

मग समिती बसली.

"राजा म्हणू या," हत्ती म्हणाला.

"राजा राणीच्या वर बसतो," घुबडाने हरकत घेतली.

"मग राणी म्हणा," रानडुक्कर म्हणालं. त्याला घरी जायची घाई होती.

"नुसतं धोंड्या म्हणा हो!" धोंडिबा विनवू लागला. "जीव कासावीस झालाय."

"मध्ये बोलू नका. तुमच्याच मानाचा प्रश्न आहे!"

चार दिवस धोंडिबाने दव चाटून काढले. वाघाने गवत चाटावं! सांगताना मलाच लाज वाटते. पाचव्या दिवशी पदवी ठरली. 'श्री श्री अखिलवनभूषण महाराणीप्राणवल्लभ श्री गादीसमीपस्थ परंतु गादीवर नव्हे...' पुढची सांगत नाही, तुमची झोपायची वेळ होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोल्ह्याने पदवी म्हणायला घेतली. मागे सगळं जंगल जीभ बाहेर काढून उभं होतं. ऊन चढत गेलं. कोल्ह्याला दया आली. त्याने हळूच एक 'श्री' गाळला आणि म्हणाला, "प्या, महाराज!"

धोंडिबाचं तोंड पाण्याला टेकणार, तोच ते वर आलं.

"एक श्री राहिला."

"महाराज, ऊन डोक्यावर येतंय!"

"येऊ दे. आमच्या मानाचा प्रश्न आहे. पहिल्यापासून म्हण."

कोल्ह्याने पहिल्यापासून म्हटलं. तळं बंद झालं. सगळं जंगल तहानलेलं घरी गेलं.

"अहो, प्यालात का पाणी?" दुर्गाक्काने विचारलं.

धोंडिबाचा घसा पार सुकला होता, पण मान ताठ होती.

"पाण्याचं काय घेऊन बसलीस?" तो म्हणाला. "आज पदवी पूर्ण झाली!"

तात्पर्य: तहान लागल्यावर विहीर खणू नये, समिती नेमावी. पाणी मिळत नाही, पण तहान कशाची होती ते विसरायला होतं.